कुणी बघायचा नाही असा फोटो

आदरणीय ताई,

वाकून नमस्कार. (कंबर धरलेली असल्यामुळे कागदावरच वाकतो आहे, भाव तोच समजावा.) तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे ना, की अजूनही ‘आज बरं वाटतंय’ म्हणून डबीतच राहते? आणि साडूभाऊंचा गुडघा काय म्हणतो? त्यांना माझा निरोप सांगा, नुसतं तेल चोळून गुडघा ऐकत नसतो, चालावं लागतं. मी स्वतः रोज चालायला जातो. म्हणजे निघतो तरी. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यातला ‘ठीक’ हा शब्द मी पुष्कळ विचार करून लिहिला आहे, आणि हे सगळं पत्र त्या एका शब्दाबद्दलच आहे.

मागच्या आठवड्यात तुम्ही फोनवर ‘मला परकी केलीत’ एवढंच म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. मी बराच वेळ तो बंद फोन कानाला लावून उभा होतो. ताई, तुम्ही रागावलात ते अगदी बरोबर आहे. वर्षभरात किती वेळा तुम्ही इकडे यायचं ठरवलंत, आणि दर वेळी आमच्याकडे काहीतरी निघालं. कधी घराला रंग काढला, कधी नळ फुटला, आणि एकदा तर तुमच्या बहिणीने मला कांजिण्या झाल्याचं ठोकून दिलं. (या वयात कांजिण्या! आजार द्यायचाच होता तर निदान वयाला शोभेलसा तरी द्यायचा.) यातलं काही म्हणजे काही खरं नव्हतं. खरं कारण सांगायची मला सक्त मनाई होती. ती मनाई परवा उठली. कशी उठली ते सगळं क्रमाने सांगतो, कारण माझा जन्म वजनमापं खात्यात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला आणि क्रम सोडून बोललं की मला चुकल्यासारखं वाटतं.

तर आधी खरं कारण. मागच्या वर्षी चेहऱ्याची नस जराशी आखडली होती, आता बरी झाली, असं तिने तुम्हाला सांगितलं होतं. आखडली होती हे खरं. जराशी हे साफ खोटं. बरी झाली हे अर्धंमुर्धं. एके दिवशी सकाळी ती उठली, पण चेहऱ्याची डावी बाजू काही उठली नाही. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी हनुवटीवरून ओघळायचं, आणि माझ्यावर ओरडायचं म्हटलं तरी अर्धे शब्द हवेत जायचे. (ओरडायची थांबली नाही, हे मात्र कौतुकाने नमूद करतो.) औषधं झाली, शेक झाले, आरशासमोर बसून गाल फुगवायचे व्यायाम झाले. तिला एकटीला लाज वाटते म्हणून शेजारी बसून मीही गाल फुगवायचो. माझे गाल आता उत्तम स्थितीत आहेत. तिचंही पुष्कळ सुधारलं. डोळा मिटतो, बोलणं स्वच्छ आहे. पण ती हसली की तोंड उजवीकडे वर चढतं आणि डावी बाजू जागची हलत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं राहील.

एवढंच ना, असं मला वाटलं. तिला तसं वाटलं नाही. ती बोलताना तोंडावर हात धरायला लागली. हसायचं तर सोडूनच दिलं. आणि एक हुकूम निघाला, की सगळ्या जगाने बघितलं तरी चालेल पण ताईने बघायचं नाही. लहानपणी तुम्ही तिची वेणी घालायचात आणि आल्यागेल्याला सांगायचात म्हणे, की आमच्या घरात चेहरा म्हणावा तर हिचा. ‘ताईला बघवणार नाही,’ एवढंच ती म्हणायची आणि उठून भांडी घासायला जायची. घासलेली भांडीसुद्धा परत घासायची. ताई, तुम्हाला परकी केली नाही हो. तुम्ही एवढ्या जवळच्या होतात म्हणून तुमच्यापासून लपवलं.

आता कॅमेरा. माळा आवरताना माझा जुना दोन डोळ्यांचा, म्हणजे दोन भिंगांचा, कॅमेरा सापडला. तुम्हाला आठवत नसेल. (साडूभाऊंना आठवेल. त्यांचा एक फोटो मी काढला होता, त्यात ते सोडून सगळं आलं होतं.) हा मोठ्या रोलचा कॅमेरा. एका रोलमध्ये बाराच फोटो, पण चौकोनी आणि ऐसपैस. याची गंमत अशी, की तो डोळ्याला लावायचा नसतो. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. मी तो पुसूनपासून सहज स्वयंपाकघरात तिच्यासमोर धरला. मोबाइल समोर आला की तिचा हात लगेच वर जातो आणि नंतर मोबाइलमधला फोटोही जातो. या वेळी हात वर गेला नाही. ती म्हणाली, “कुठे बघताय?” मी म्हटलं, “खाली, डब्यात.” ती म्हणाली, “माझ्याकडे नाही ना? मग काढा. तुम्ही मान खाली घालून उभे आहात हे बरं दिसतंय.” ताई, वर्षभरात पहिल्यांदा ती ‘काढा’ म्हणाली. कॅमेऱ्यात रोल नव्हता हे मी तिला सांगितलं नाही. नुसतं बटण दाबलं आणि बाहेर जाऊन नाक शिंकरलं.

नवा रोल मिळाला, पण बाईसाहेबांची अट आली. फोटो दुसऱ्या कुणी बघायचा नाही. धुणाऱ्याने बघायचा नाही, छापणाऱ्याने बघायचा नाही, आमच्या पोरीला पाठवायचा नाही. म्हणजे रोल घरातच धुणं आलं. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे (तो आता मोबाइलची कव्हरं विकतो) धुण्याचा डबा आणि रोल गुंडाळायची चक्री अडगळीत पडलेली होती. ती त्याने दिली, पद्धत सांगितली आणि मी निघताना हसला. तो का हसला ते मला पुढे कळलं. काळंपांढरं धुणं तसं सोपं असतं. मिट्ट काळोखात रोल चक्रीवर चढवायचा, चक्री डब्यात घालून झाकण लावायचं, मग उजेडात एकामागून एक औषधं ओतायची. आधी चित्र उमटवणारं डेव्हलपर, मग ते पक्कं करणारं फिक्सर, मग पाणी. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मी म्हणालो. तुमची बहीण म्हणाली, आधी खुर्च्यांवर शिका, मग माझ्याकडे वळा. म्हणून मी खुर्च्या, बादली, गॅलरीतली दोरी आणि स्वतःचे पाय यांचे फोटो काढले.

काळोखासाठी घरात बाथरूमशिवाय जागा नाही. भर दुपारी मी झरोक्याला पुठ्ठा ठोकला, दाराच्या फटींत टॉवेल कोंबले आणि आत बसलो. पाच मिनिटांत लख्ख उजेड पडला. दिव्याचं बटण बाहेर आहे, आणि नवरा अंधारात घसरून पडेल या काळजीने तिने ते दाबलं होतं. एक रोल तिथेच गेला. दुसऱ्या वेळी बटणावर चिकटपट्टी लावली, दारावर सूचना लावली आणि शिवाय तिला शपथ घातली.

पण त्या दुसऱ्या वेळी जे झालं ते कुठे बोलू नका. या मोठ्या रोलच्या पाठीला फिल्मपेक्षाही लांब असा काळा कागद असतो. अंधारात तो सोडवून बाजूला करायचा आणि फिल्म तेवढी चक्रीवर चढवायची. मी सोडवलं. हाताला दोन वस्तू लागल्या, एक मऊ आणि आज्ञाधारक, दुसरी सारखी उसळी मारणारी. मऊ वस्तू चक्रीवर झकास बसली. उसळणारी मी रागाने बादलीत टाकली. मग बाहेर येऊन औषधाचं पाणी बरोबर वीस अंशांवर आणलं. (त्याआधी घरातला तापाचा थर्मामीटर बुडवून पाहिला होता. पाण्याला ताप नव्हता, एवढंच कळलं. मग दुसरा आणला.) मापं अशी घेतली, की माझ्या जुन्या साहेबांनी पाठ थोपटली असती. डबा हलवायचा तसा हलवला, ठेवायचा तसा ठेवला. शेवटी झाकण उघडलं आणि पट्टी वर काढली, तर तिच्यावर ठळक, रेखीव आकडे. एक, दोन, तीन. क्षणभर मला वाटलं, काय धार आली आहे! मग लक्षात आलं, की मी कागद धुतला होता. आकडे कागदावर छापलेलेच असतात. फिल्म बादलीत पोहत होती आणि तिच्याभोवती साबणाचा फेस होता. तुमची बहीण दारात उभी होती. ती तोंडावर हात धरून आत गेली आणि आतून मला खांदे हलताना दिसले.

तिसऱ्या वेळी फिल्मच धुतली, पण ती काचेसारखी कोरी निघाली. याला मात्र आम्ही दोघं सारखेच जबाबदार. मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण झाकणांवर, कारण मालावर सील झाकणालाच लागतं ही माझी नोकरीतली सवय. आणि तिने सगळी झाकणं काढून घासून, पुसून, हाताला येतील तशी परत लावली होती, कारण झाकण चिकट दिसलं की तिला राहवत नाही. त्यामुळे आधी फिक्सर गेलं, आणि चित्र उमटायच्या आधीच पुसलं गेलं. चूक कुणाची यावर आम्ही जेवणापर्यंत भांडलो. ताई, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. वर्षभर ती माझ्याशी धड भांडलीसुद्धा नव्हती.

चौथा रोल तिचा. खिडकीजवळ स्टुलावर बसवली. या कॅमेऱ्याच्या काचेत डावं उजवं उलटं दिसतं, त्यामुळे मी ‘जरा डावीकडे’ म्हणायचो आणि ती बरोबर सरकली की मला वाटायचं चुकली. असं करता करता ती स्टुलासकट कपाटापर्यंत पोचली. पहिल्या काही फोटोंत तोंडावर हात आहे. मी हात काढ म्हटलं नाही. मी मान खाली घालूनच उभा होतो. मग माझ्या सूचनांना कंटाळून तिने हात खाली घेतला, मला दोन गोष्टी सुनावल्या आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.

आणि मग त्या दुपारी मी तो रोल घेऊन बाथरूममध्ये बसलो. खुर्च्यांचा रोल गेला तर खुर्च्या पुन्हा बसल्या असत्या. हा गेला असता तर ती पुन्हा बसली नसती, हे मला स्वच्छ माहीत होतं. हाताला घाम, हवेत ओल, फिल्म चक्रीत शिरेना. अर्धी शिरली की अडके. मी आतून हाक मारली. ती म्हणाली, दार उघडलं तर उजेड येईल ना? मग आम्ही बाहेरच्या खोलीचे पडदे ओढले, मी फिल्म सदऱ्यात लपेटून पोटाशी धरली आणि ती फटीतून आत सरकली. (सदरा त्यासाठी काढावा लागला. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर या वयात काय उत्तर दिलं असतं कोण जाणे.) ती म्हणाली, “द्या इकडे.” बोटांनी चाचपून तिने कडा शोधली, टोक सरळ केलं आणि सुईत दोरा ओवावा तशी फिल्म चक्रीत घातली. मी कागद धुतलेला तिला तेव्हाच आठवला. “नक्की फिल्मच आहे ना ही?” असं म्हणाली आणि हसायला लागली.

ताई, मोठ्याने हसली. पूर्वीसारखी, खदखदून, मधे मधे श्वास घेत. मला काही दिसत नव्हतं, पण तोंडावर हात नाही हे कळत होतं, कारण तिचे दोन्ही हात फिल्ममध्ये अडकलेले होते. मी तिथे पालथ्या बादलीवर बसून ते हसणं ऐकलं. डब्याचं झाकण लावून झालं तरी दिवा लावा असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. मला या बाईची इतकी आठवण येत होती, आणि ती रोज माझ्याच घरात होती.

रोल उत्तम निघाला. कपड्यांच्या चिमट्यांनी गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं, त्यामुळे तिचे सगळे पांढरे केस काळेभोर झाले होते. ते बघून ती म्हणाली, पुढे काही करू नका, हे असंच राहू द्या. पण मी आता थांबणार होतो थोडाच? तांबडा दिवा आणला, फोटोच्या कागदावर फिल्म ठेवली, वरून खिडकीची काच दाबली आणि छापला. बिस्किटाएवढा फोटो झाला. तिने तो हातात धरून पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाली, “हो, अशीच दिसते मी. रोज आरशात बघते तशी.” माझं लक्ष मागच्या कॅलेंडरकडे गेलं. त्यातले सगळे आकडे उलटे होते. मी फिल्म पालथी घातली होती.

चूक माझी, म्हणून लगेच सुलटी घालून दुसरा छापला. तो तिने घेतला, दिव्याखाली नेला आणि एकदम म्हणाली, “अहो, ही ताई आहे.” मी चष्मा लावून बघितलं. ताई, तुम्हीच होतात. तुमचं हसू जन्मापासून उजवीकडे चढतं. (रागावू नका. आमच्या लग्नात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला हसताय. नंतर कळलं, की हसतच होतात.) आरशात उलटं दिसतं म्हणून वर्षभर तिला ते कधी कळलं नाही. समोरून बघणाऱ्याला तिचं आताचं हसू अगदी तुमच्यासारखं दिसतं. ती खाली बसली. म्हणाली, ताईचं तोंड कधी वाकडं वाटलं नाही हो मला. मला वाटायचं, ताई हसली की सगळं ठीक आहे. मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाली, ताईला पत्र लिहा, आपण जाऊ. मी लिहायला बसले तर व्हायचं नाही माझ्याच्याने.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारपर्यंत पोचू. साडूभाऊंना नमस्कार, गुडघ्याला शुभेच्छा.

आपला नम्र,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. फोटो सोबत पाठवत आहे. सुलटा आहे, कॅलेंडर बघून खात्री करून घेतली. तिच्या परवानगीने पाठवतो आहे. परवानगी देताना तिने दोनदा पाकिटातून काढून परत घातला.

ता. क. (दुसरा) खरं म्हणजे एवढं सगळं एका विनंतीसाठी लिहिलं. आम्ही दारात आलो की कृपा करून रडू नका. ‘काय झालं गं हे’ नको आणि ‘काही कळून येत नाही गं’ तर मुळीच नको. उशीर केलात म्हणून नेहमीसारखं रागवा, आणि रागावून झालं की हसा. तुम्हाला रडताना बघायची तिला वर्षभर भीती वाटते आहे. एवढं माझ्यासाठी करा.

ताई, मी. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आणि मी अर्थातच उघडून वाचलं. फिल्म मी एका झटक्यात बसवली असं यांना वाटतंय. तीनदा सुटली होती, अंधारात यांना दिसलं नाही. आणि वर ते रडू नका म्हणून लिहिलंय ना, ते खोडून टाक. रडताना तोंड आणखी वाकडं होतं, म्हणून मी वर्षभर कुणासमोर रडलेच नाही, यांच्यासमोरसुद्धा नाही. तुझ्याकडे येतेय ती रडायलाच.